डावा खांदा

सोमवारी सकाळी साहेबांनी मास्तरच्या कोटाची बाही दोन बोटांत धरून चोळून पाहिली. झालं एवढंच. रिसेप्शनसमोर आम्ही पाच-सहा जण लिफ्टची वाट बघत उभे होतो. साहेब मागून आले, मास्तरजवळ थांबले, म्हणाले, "वा! ट्वीड का?" आणि त्यांनी बाही धरली, अंगठा आणि पहिलं बोट, कापड पारखताना धरतात तशी. मी या कंपनीत सव्वीस वर्षं आहे, त्यांतली अठरा या साहेबांच्या हाताखाली गेली. अठरा वर्षांत साहेबांनी माझ्या हातात हात दिला तो तीनदा, आणि त्यातल्या एकदा ते मला दुसराच कोणी समजले होते. माझ्या बाहीला त्यांनी कधी बोट लावलेलं नाही. लावावं असं तिच्यात काही नसतं, हेही खरं. मी गडद निळा सूट घालतो, झिजला की तसाच दुसरा घेतो, आणि बदलल्याचं कोणाच्या लक्षातही येत नाही. पोशाख असाच असावा, कोणाच्या लक्षात न येणारा, असं मीच कधी तरी लिहून ठेवलेलं आहे.

लिहून ठेवलेलं म्हणजे अक्षरशः. आमची कंपनी लिफ्ट बनवते आणि मी तिथला आस्थापना अधिकारी. रजा, हजेरी, ओळखपत्रं, खुर्च्या, पडदे, मेलेल्या कुंड्या बदलणं आणि पोशाखाचे नियम, हे सगळं माझ्याकडे. नियम अकरा आहेत. माझ्या खोलीच्या दारामागे काचेत लावलेत, दार उघडं असलं की दिसत नाहीत आणि दार कायम उघडंच असतं. तिसरा नियम असा, की बाहेरच्या मंडळींबरोबरच्या बैठकीस औपचारिक सूट आवश्यक. औपचारिक म्हणजे नेमकं काय, ते मी लिहिलं नव्हतं. तसा प्रश्नच कोणाला पडला नव्हता. मास्तर येईपर्यंत सगळे निळे आणि काळे होते. मास्तर म्हणजे आमचे नवे योजनाप्रमुख, वय चौतीस, येऊन सहा आठवडे झालेले. मास्तर हे नाव रिसेप्शनवाल्या बाईंनी ठेवलं, त्याच सोमवारी, तो सूट बघून. "अगदी कॉलेजातले मास्तर दिसता हो," असं त्या हसून म्हणाल्या आणि दुपारपर्यंत पाची मजल्यांवर तेच नाव झालं. मला सव्वीस वर्षांत कोणी टोपणनाव ठेवलेलं नाही. निदान माझ्या कानावर आलेलं नाही.

कापड चांगलं होतं. हे मला पहिल्या नजरेत कळलं आणि तेच माझ्या पोटात दुखलं. वाळक्या पानांसारखा तपकिरी रंग, माशाच्या काट्यासारखी वीण, आणि जवळ गेलं तर आत हिरवा, तांबूस, थोडा निळाही धागा, पण लांबून काही नाही, नुसता एक ऊबदार रंग. माझे वडील, अण्णा, शिंपी होते. त्यामुळे मला माणूस आधी दिसत नाही, कोट दिसतो. कॉलर मानेला चिकटली आहे की मागे उचलली आहे, बाहीतून शर्ट किती डोकावतो, पाठीवर आडवी चुणी पडते का, हे सगळं बघून झालं की मग चेहरा. मास्तरचा चेहरा मी त्या दिवशी पाहिलाच नाही. मी चूक शोधत होतो. कुठे तरी चूक असणारच, चुकीशिवाय सूट नसतो असं अण्णाच म्हणायचे. आणि लिफ्टचं दार बंद होता होता ती मला सापडली. डावा खांदा. उजवा व्यवस्थित उतरला होता, डावा मात्र उभा होता, जाड, बोटभर वर, आत काही तरी कोंबल्यासारखा. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

मंगळवारी तोच सूट. आमच्या लिफ्टमध्ये तिन्ही बाजूंना आरसे आहेत, कंपनीचाच नमुना आहे तो. आत साहेब होते, मास्तर होता, रिसेप्शनवाल्या बाई होत्या आणि मी. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधे मी अगदी सहज म्हटल्यासारखं म्हटलं, "सूट छान आहे. फक्त तो डावा खांदा बघा." मास्तरनं आरशात पाहिलं. "काय झालं खांद्याला?" "उभा राहतो. उजव्यापेक्षा बोटभर वर आहे. एकदा दिसला की दिसतच राहतो." बाई वाकून बघू लागल्या. "अय्या, हो की हो!" साहेबांनी चष्मा नाकावर सरकवून एकदा डावा खांदा बघितला, एकदा उजवा. "खरंच की. तुमची नजर म्हणजे नजर आहे," ते मला म्हणाले. अठरा वर्षांतली ही पहिली शाबासकी. मास्तर हसला. त्याला राग येत नाही, हाही त्याचा एक दुर्गुण. "मी तीन वर्षं घालतोय, मला कधी दिसलंच नाही," म्हणाला आणि हातानं खांदा दाबून बघू लागला. तो दाबला जाणार नाही हे मला माहीत होतं. चांगलं भरलेलं पॅड दाबलं जात नाही.

दुपारी साहेबांनी बोलावलं. गुरुवारी रुग्णालयांची मंडळी यायची होती, चौदा रुग्णालयांच्या लिफ्टचं काम होतं. असल्या बैठकांत साहेबांच्या उजव्या हाताला मी बसतो. बोलायचं काही नसतं, कागद पुढे सरकवायचे, पाण्याच्या बाटल्यांवर लक्ष ठेवायचं, साहेब नाव विसरले की चिठ्ठी सरकवायची. पण ती खुर्ची माझी आहे. घरी, नातेवाइकांत, मनातल्या मनात, माझी म्हणून जी काही किंमत आहे ती त्या खुर्चीची आहे. साहेब म्हणाले, "गुरुवारी मास्तरांना माझ्याशेजारी घेतो. माणूस चांगला बोलतो. तुम्ही त्यांच्या पलीकडे बसा." मी म्हटलं, "बरं." मग ते म्हणाले, "एकच सांगा. ट्वीड चालतो का हो असल्या बैठकीला? मला काही कळत नाही. माझे सासरे शिकारीला जाताना घालायचे. तुम्ही एक टिपण द्या उद्यापर्यंत. नाही चालत असं तुम्ही म्हणालात तर नाही. मग बघू कोणाला बसवायचं ते." त्यांनी ते इतकं सहज म्हटलं की आपण माझ्या हातात काय देतोय हे त्यांना कळलंही नसेल. मास्तरकडे दुसरा सूट नाही हे साऱ्या ऑफिसला माहीत होतं. इतर दिवशी तो शर्ट आणि स्वेटरवर यायचा.

घरी आलो तो जेवताना मी ट्वीडवरच बोलत होतो. ट्वीड हे मुळात उघड्यावर, गारठ्यात, चिखलात घालायचं कापड, त्यावर इस्त्री टिकत नाही, गुडघ्याला फुगे येतात, त्याचं सूत जाड, त्याला चमक नाही, आणि बैठकीत समोरच्या माणसाला वाटतं की हा आत्ताच फिरून आला आणि आत्ताच परत फिरायला जाणार. बायको ऐकत होती. मग म्हणाली, "कोट त्याचा, अंग त्याचं, आणि खाज तुम्हाला सुटलीय." ती ताटं उचलता उचलता म्हणाली, "एवढं आवडलंय तर तुम्हीच एक शिवून घ्या की तसला. निळ्याचा मलाही कंटाळा आलाय." मी म्हटलं, "शिवून द्यायला कोण आहे आता?" हे माझ्या तोंडून का गेलं कोण जाणे. अण्णांना जाऊन नऊ वर्षं झाली. आणि असताना तरी त्यांनी मला काय शिवून दिलं होतं?

ही जुनी ठसठस आहे. पुलाखाली अण्णांचं दुकान होतं, वरून गाड्या गेल्या की कात्र्या खिळ्यावर किणकिणायच्या. अण्णा कमी बोलायचे. बोलायला तोंड रिकामं कुठे असायचं, सकाळपासून ओठांत टाचण्या. दोन मुलगे, दादा आणि मी. दादाचे खांदे पट्टीनं आखल्यासारखे सरळ. अण्णा त्याला उभा करून लांबून बघायचे आणि गिऱ्हाइकाला म्हणायचे, "असं अंग असलं की कापड आपोआप बसतं." माझा डावा खांदा खाली आहे. सहा वर्षांचा असताना दुपारी मी कापायच्या टेबलावर झोपलो होतो, अण्णा दोऱ्याचं रीळ घ्यायला वळले आणि मी कूस बदलताना खाली पडलो. गळपट्टीचं हाड मोडलं, जुळलं ते थोडं खालीच. त्याबद्दल अण्णा कधी एक शब्द बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी टेबलाच्या कडेला त्यांनी चारी बाजूंनी लाकडाची पट्टी ठोकली, तेवढंच. पुढे दादा परगावी नोकरीला लागला. त्याचे कपडे मात्र इथेच शिवले जायचे आणि त्याची आणि माझी छाती एकाच मापाची, म्हणून ट्रायलला मी. "ये, उभा राहा. दादाचं बघून घेतो," अण्णा म्हणायचे. मी उभा राहायचो. दादाच्या लग्नाचा काळा सूट माझ्या अंगावर बेतला गेला, दादाचा करडा कोट, दादाची जाकिटं. बाही लावली, काढली, खडूच्या रेघा ओढल्या, आणि सगळं खांद्याच्या इथे आलं की अण्णा माझा डावा खांदा तळहातानं खालून उचलून धरायचे, दादाच्या खांद्याइतका, आणि टाचणी लावायचे. मी म्हणजे दुकानातला लाकडी पुतळा, फक्त थोडा वाकडा. मला पहिल्या मुलाखतीला जायचं होतं, याच कंपनीत, तेव्हा मी शिकवण्यांचे पैसे घेऊन बाजारात गेलो आणि गडद निळा तयार सूट घेऊन आलो. शिंप्याचा मुलगा तयार सूट घेतो. त्याच्या डाव्या खांद्याखाली एक चुणी पडायची. गेल्या सव्वीस वर्षांतल्या माझ्या प्रत्येक सुटाला ती पडते. मी बघतो आणि सोडून देतो.

आणि त्याच सुमारास अण्णांनी दादासाठी ट्वीडचा सूट शिवायला घेतला होता. हे मी विसरलेलो नव्हतो. ट्वीड म्हटलं की मला तोच आठवतो. अर्धवट शिवलेला, पांढऱ्या कच्च्या धाग्यांनी जोडलेला, एका बाहीचा, आणि त्याची ट्रायलही माझ्याच अंगावर झाली. रंग नक्की आठवत नव्हता. मी तो सूट दादाच्या अंगावर कधी पाहिला नाही. पण मी नसताना तो घालत असेल असं मी धरून चाललो होतो. लग्नकार्यात, सहलींत, त्याच्या ऑफिसात. अण्णा गेले तेव्हा दादा चार दिवस राहायला आला होता. त्याची बॅग उघडी होती आणि मी दु:ख बाजूला ठेवून तिच्यात डोकावून पाहिलं होतं, ट्वीड आणलाय का म्हणून. नव्हता. मला वाटलं, मुद्दाम आणला नसेल, मला वाईट वाटू नये म्हणून. त्याचाही मला रागच आला.

बुधवारी सकाळी मी टिपण लिहिलं. चांगलं लिहिलं, उगीच नाही कशाला म्हणायचं. ट्वीडचं मूळ, त्याचं सूत, तो कुठे शोभतो, कुठे शोभत नाही. नुसत्या ट्वीडच्या कोटाखाली साधी पँट घालून रोजच्या कामाला यायला हरकत नाही, पण पूर्ण सूट करून त्याला औपचारिक म्हणणं म्हणजे घोंगडीला घडी घालून शाल म्हणण्यासारखं आहे. हे वाक्य मी खोडलं, मग परत घातलं. शेवटी लिहिलं, 'सबब, ट्वीडचा सूट बाहेरच्या मंडळींबरोबरच्या बैठकीस औपचारिक पोशाख म्हणून ग्राह्य धरता येणार नाही.' आमच्याकडे पद्धत अशी, की टिपण ज्याच्याबद्दल असेल त्याला आधी एक प्रत द्यायची, मग साहेबांकडे पाठवायचं. ही पद्धत मीच पाडलेली. म्हणून साडेबाराला प्रत घेऊन मी मास्तरच्या खोलीत गेलो. मास्तर जागेवर नव्हता. तळमजल्यावर नव्या लिफ्टची चाचणी चालू होती, तिथे धुळीत जायचं म्हणून तो निळा डगला चढवून गेला होता आणि ट्वीडचा कोट खुर्चीच्या पाठीवर टाकलेला होता.

खुर्चीवर कोट टाकणाऱ्या माणसाबद्दल अण्णांचं मत काय होतं ते मला माहीत आहे. मी तो उचलला तो नीट ठेवायला, असं मी स्वत:ला सांगितलं. खरं तर मला आतलं नाव बघायचं होतं, कुठल्या दुकानाचं लेबल आहे ते. हलकं असावं अशी इच्छा होती. लेबल नव्हतं. अस्तर तपकिरी, जुनं, काखेत उसवून परत शिवलेलं. मी आतला खिसा उलटा केला. खिशाच्या तळाशी, जिथे कोणी बघत नाही तिथे, पिवळ्या दोऱ्याचे तीन आडवे टाके होते. अण्णा लेबल लावायचे नाहीत. लेबल लावतो त्याला आपल्या शिलाईवर भरवसा नसतो म्हणायचे. त्याऐवजी पिवळे तीन टाके घालायचे. मी लहानपणी दुपारभर ते मोजलेले आहेत, गिऱ्हाइकांच्या कोटाच्या खिशांत हात घालून.

माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं सांगू? दादा. दादानं तो सूट विकला. अण्णांनी त्याच्यासाठी शिवलेला, मला पुतळा करून शिवलेला सूट त्यानं कुणाला तरी देऊन टाकला. माझा नुसता तिळपापड झाला. त्या रागातच मी माझा निळा कोट काढला आणि तो चढवला. का चढवला? दादाचा होता म्हणून. निदान एकदा. उजवा हात गेला, डावा गेला, मी कॉलर धरून खांदे झटकले, आणि कोट बसला.

बसला म्हणजे काय ते शिंप्याच्या घरातल्यालाच कळेल. कोट अंगावर असला की तो कुठे ना कुठे सांगत राहतो की मी आहे, मानेला, काखेत, पाठीला. हा काहीच सांगत नव्हता. मी खिडकीच्या काचेत पाहिलं. दोन्ही खांदे सरळ होते. पट्टीनं आखल्यासारखे. डाव्या खांद्याखाली चुणी नव्हती. मी हात वर केला, खाली केला, चुणी नव्हती. मास्तरच्या अंगावर उभा राहणारा तो जाड खांदा माझ्या मोडक्या हाडावर असा टेकला होता की जणू कुणी तरी खालून तळहात लावून धरला आहे. आणि हा कोट बेतताना तो तळहात नव्हता. हे मला तेव्हा आठवलं. बाकी प्रत्येक ट्रायलला अण्णा माझा खांदा उचलून धरायचे, दादाच्या मापाला आणायला. त्या एका ट्रायलला त्यांनी उचलला नव्हता. मी उभा होतो तसाच त्यांनी मला उभा राहू दिला होता, आणि खांदा होता तिथेच, खाली, खडूची रेघ ओढली होती. मग कापडाचा एक थर ठेवला, मागे जाऊन बघितलं, आणखी एक ठेवला, परत मागे गेले. खूप वेळ लागला होता. मी वैतागलो होतो. माझी मुलाखत आठवड्यावर आली होती, बाजारात निळा सूट मी बघून ठेवला होता, आणि इथे दादाच्या सुटासाठी मला तासभर उभं केलं होतं. मी म्हटलं, "अण्णा, ट्वीड ऑफिसात चालत नाही. दादाला सांगा. हे घालून गेला तर लोक हसतील." अण्णांच्या ओठांत टाचण्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. सगळ्या टाचण्या एकेक करून काढून उशीत खोचायला त्यांना थोडा वेळ लागला, आणि तेवढ्या वेळात मी कोट उतरवून टेबलावर टाकला होता आणि बाहेर पडलो होतो. रस्त्यावरून मी मागे वळून पाहिलं होतं का? मला वाटतं, नाही. रात्री निळा सूट घेऊन घरी आलो तेव्हा अण्णांनी त्याची बाही दोन बोटांत धरून चोळून पाहिली होती आणि म्हणाले होते, "बरा आहे."

"अरे वा!" दारात मास्तर उभा होता, धुळीनं पांढरा झालेला. मी कोट काढायला लागलो तर हात बाहीत अडकला. "राहू द्या हो, राहू द्या," तो म्हणाला. "वळा जरा. काय बसलाय तुम्हाला! माप देऊन शिवल्यासारखा." मी टिपणाची प्रत पाठीमागे धरली होती. तो टेबलाच्या कडेवर बसला आणि हात पुसत सांगू लागला. "याची एक गंमतच आहे. हा माझ्या मामाचा. मामा पुलाखालच्या एका शिंप्याकडे जायचा. तिथे हा सूट पांढऱ्या फडक्याखाली टांगलेला असायचा. मामानं विचारलं, विकता का? शिंपी म्हणाला, नाही, धाकट्याचा आहे. मग न्यायला का येत नाही धाकटा? तर म्हणाला, त्याला ट्वीड चालत नाही." मास्तर हसला. "तीन वर्षं मामा विचारत होता. शेवटी एकदा म्हातारा म्हणाला, घेऊन जा. पण एक अट. बाकी काय हवं ते बदलून देतो, डाव्या खांद्याला हात लावणार नाही. आणि दुसऱ्या कुणाला लावू द्यायचा नाही. वेडाच दिसतो ना? मामानं मात्र पाळलं. मरेपर्यंत वाकड्या खांद्यानं फिरला बिचारा. मलाही माहीत नव्हतं तो वाकडा आहे म्हणून. काल तुम्ही सांगितलंत आणि तेव्हापासून मला तेवढंच दिसतंय. बायकोलाही दाखवलं. तुम्हाला शिवणातलं एवढं कसं कळतं हो?"

एक वाक्य होतं. तो धाकटा मी. तेवढं म्हटलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं, निदान एक गोष्ट झाली नसती. पण ते वाक्य म्हणायचं म्हणजे या हसऱ्या, धुळीनं माखलेल्या माणसासमोर त्याच्याच कोटात उभं राहून म्हणायचं. आणि मला अजूनही त्याचा हेवाच वाटत होता, आधीपेक्षा जास्त. त्याच्या मामानं माझ्या अण्णांना तीन वर्षं पुन्हापुन्हा विचारलं होतं. मी एकदाही विचारलं नव्हतं. त्या तीन वर्षांत मी किती वेळा दुकानात गेलो असेन, त्या पांढऱ्या फडक्याखालून किती वेळा वाकून आत गेलो असेन, आणि प्रत्येक वेळी मला वाटलं होतं, दादाचं काही तरी. मी म्हटलं, "असंच. बघून बघून कळतं." कोट उतरवून नीट घडी घालून त्याच्या हातात दिला. "खुर्चीवर टाकू नका," एवढंच म्हणालो. "पाठ ताणली जाते."

खोलीत येऊन मी टिपण फाडलं. दुसरं लिहिलं, चार ओळींचं. 'ट्वीडचा सूट, कापड उत्तम आणि शिलाई हातची असल्यास, कोणत्याही बैठकीस औपचारिक पोशाख म्हणून चालेल.' सही केली, साहेबांकडे पाठवलं. मोठेपणा म्हणून नाही. उद्यापासून रोज तो कोट माझ्या डोळ्यांसमोर असावा म्हणून. खुर्ची गेली तर गेली, मी मास्तरच्या पलीकडे बसेन आणि बैठकभर तो डावा खांदा माझ्या नजरेच्या टप्प्यात असेल. चालत नाही असं मी एकदा म्हणून चुकलो होतो. सव्वीस वर्षांनी का होईना, चालतो असं लिहून दिलं. संध्याकाळी घरी गेल्यावर दादाला फोन केला. "तुझ्याकडे कधी ट्वीडचा सूट होता का रे?" तो म्हणाला, "ट्वीड? छे! अण्णांनी एकदा पत्रात लिहिलं होतं, धाकट्यासाठी चांगलं कापड राखून ठेवलंय म्हणून. मला जरा रागच आला होता तेव्हा. का रे?" मी म्हटलं, "काही नाही." बायकोनं विचारलं, काय झालं. मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "उद्या त्यांना सांगून टाका. मागू नका, नुसतं सांगा." मी म्हटलं, सांगतो. सकाळी दाढी करताना मी ते वाक्य दोनदा म्हणूनही पाहिलं.

गुरुवारी मी अर्धा तास आधी बैठकीच्या खोलीत गेलो. बाटल्या मांडल्या, कागद लावले, साहेबांच्या उजवीकडच्या खुर्चीपुढे मास्तरच्या नावाची पाटी ठेवली. ती ठेवताना बोटं जरा अडली, नाही असं नाही. मग साहेब आणि मास्तर बरोबरच आत आले. मास्तरनं ट्वीड घातला होता, इस्त्री केलेला, आणि तो दारातच थांबून हात पसरून उभा राहिला. "बघा," तो मला म्हणाला.

मी पाहिलं. दोन्ही खांदे सारखे होते.

"काल साहेबांनी तुमचं टिपण दाखवलं," मास्तर म्हणाला. "साहेब म्हणाले, ट्वीड चालतो म्हणतायत, फक्त ते म्हणत होते तो खांदा तेवढा नीट करून घ्या. घराजवळ एक दुरुस्तीवाला आहे, त्यानं तासाभरात करून दिला. म्हटलं मामा काही रागवायचा नाही आता." तो आनंदात होता. "काय कोंबलं होतं हो आत! थरावर थर. जुन्या शर्टाचं कापड होतं म्हणाला, शाळेच्या गणवेशाचं असतं तसलं, निळी बारीक चौकट. नुसते हातचे टाके, शेकड्यांनी. उसवता उसवता त्याचा जीव गेला."

"कुठे आहे ते?"

"काय?"

"ते आतलं."

"टाकलं त्यानं. का?"

निळ्या बारीक चौकटीचे शर्ट मी पाचवीपर्यंत घातले होते. खाली मंडळी आल्याचा फोन वाजला. साहेब खुर्चीत बसता बसता माझ्याकडे वळले, कौतुकानं, आता माझं मत म्हणजे शेवटचं असं धरून. "काय, मग? बसतोय ना आता नीट?"

मास्तर वळला, पाठमोरा झाला, परत समोर आला. कोट त्याला खरोखरच छान बसत होता. मी माझा डावा खांदा जमेल तेवढा वर उचलून धरला आणि म्हणालो, "हो. आता त्यांचाच वाटतो."